सातव्या भागातली ओवी

“साहेब, मोठा पूर आला त्या साली मी रांगत हुते. पुराचं वय तुमच्या दप्तरात लिवलेलं असंल. त्यातून माहं तेवढं काढून घ्या.”

हा आवाज चतुराबाईचा. सत्त्याहत्तर सालचा, आमच्या कापसाच्या रानातला. मी तेव्हा परभणीला कृषी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत गावी आलो की वडील म्हणायचे, जा, खुरपणाऱ्या बायांवर लक्ष ठेव. आमचं गाव झरीच्या पलीकडं, अडीच कोसावर. मी छत्री घेऊन बांधावर उभा राहायचो आणि खाली सोळा बायांची पात सरकत यायची, काळ्या रानावर रंगीत काठ ओढत आणल्यासारखी.

चतुराबाई पातीच्या तोंडाला असायची. कानामागं काडी खोचून ती तलाठी व्हायची, नाकात बोलायची, “नाव काय? वय काय?” मग काडी काढून चतुराबाई व्हायची आणि तोंड इतकं भोळं करून पुराचं उत्तर द्यायची की सोळा खुरपी जागच्या जागी थांबायची. बाया हसायच्या त्या तलाठ्याला. कागदात लिहिल्याशिवाय ज्याला समोरच्या बाईचं वय दिसत नाही, त्या माणसाला. हे मला एकोणिसाव्या वर्षी, बांधावरूनसुद्धा, नीट कळत होतं. मुद्दाम लिहून ठेवतो. कारण पुढं मी असं वागलो की जणू ते मला कधी कळलंच नव्हतं.

तिला मी तेव्हा ‘चतुरे’ म्हणायचो. ती माझ्या आईच्या वयाची. पण बौद्धवाड्यातली, आमच्या रानात रोजानं येणारी. तिच्या नावामागं ‘बाई’ लावायला आमच्या घरात कुणाची जीभ वळत नव्हती.

नकला झाल्या की ओव्या सुरू व्हायच्या. आमच्याकडं पातीत ओवी म्हणायची रीत अशी की एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं ती उचलताना आपल्या माणसाचं नाव घालायचं. कुणी भावाचं, कुणी लेकाचं, कुणी विठोबाचं. ओवी एकच, माणसं सोळा. चतुराबाईची लेक पंचफुला तेव्हा बारा वर्षांची, झरीच्या शाळेत जायची. तिच्यावर चतुराबाईनं बांधलेली ओवी अशी:

लेक निघाली शाळेला, पाटी पदरानं पुसावी
माह्या भीमाच्या नावानं वात उजेडाची लावावी

ही ओवी आली की पातीतल्या आमच्या भावकीतल्या बाया गप्प व्हायच्या; पुढची ओळ कुणी उचलायची नाही. चतुराबाई एकटीच म्हणायची आणि एकटीच खालचा सूर धरायची. वाऱ्यानं तो सूर बांधापर्यंत यायचा आणि माझ्या छत्रीखाली थांबायचा. तिचा आवाज मी तिथं उभा राहून शिकलो. तिला न विचारता.

पुढच्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जे व्हायचं ते झालं. आमच्या गावात एकही घर जळालं नाही, हे आमचे लोक अजून अभिमानानं सांगतात. बौद्धवाड्याशी बोलणं बंद केलं, रानातलं काम बंद केलं, हे सांगत नाहीत. चतुराबाई लेकीला घेऊन पालमला भावाकडं निघून गेली. त्यानंतरच्या साली तिनं सत्याग्रहात नाव दिलं आणि अकरा दिवस जेलात बसून आली. एका नावासाठी.

मी तोवर स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर पोचलो होतो. डोक्यावरून पदर घ्यायचा, आवाज खाली सोडायचा, की माझ्या नकलेतली धुरपताआत्या उभी राहायची. परभणी, नांदेड, मग पुणे, मग मुंबई. नोकरी सुटली, आत्या सुटली नाही. कुणी विचारलं, ही आत्या तुम्हाला कुठं सापडली, तर मी म्हणायचो, “आमची आजीच समजा.” लोकांना ते फार आवडायचं.

एक्क्याण्णव साली टीव्हीवर मालिका मिळाली. ‘आत्या मुक्कामी’. तेरा भाग. परभणीकडची आत्या मुंबईला भाच्याच्या फ्लॅटमध्ये राहायला येते आणि जायचं नाव घेत नाही, एवढीच गोष्ट. निर्माता एक साबणवाला, दिग्दर्शक कोरगावकर. कोरगावकरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, “बन्सीधर, स्टेजवर लुगडं नेसलात ते ठीक. घराघरात पुरुषाची आत्या चालणार नाही. तुम्ही भाचा व्हा. आत्याला बाई आणा. पण आवाज तुमचाच हवा.”

माझा आवाज. तो कुणाकडं होता हे मला एकट्याला माहीत होतं.

गंगाखेडवरून पालमला गेलो. पंचफुला सव्वीस वर्षांची झाली होती, बालवाडी चालवायची, जयंतीच्या जलशात गायची. दारात उभी राहून तिनं ‘कोन पायजे?’ म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आईचा आवाज, जसाच्या तसा. चतुराबाईचे केस पिकले होते. ती पूर्वी मला ‘धाकले मालक’ म्हणायची. आता म्हणाली, “बसा बन्सीधरराव.” मी खाट सोडून खाली बसलो, तर म्हणाली, “खाटंवर बसा. खाली बसल्यानं काय फिटतंय?”

मी सगळं सांगितलं. ती हसली. “म्हंजी माह्या नकला आता मुंबईत व्हायल्यात म्हना.”

“तुमच्याच हायत,” मी म्हणालो. तिच्या दारात ते म्हणायला सोपं होतं.

“माह्या कशाच्या. पातीतलं गानं. ज्याला आलं त्यानं म्हनावं.” मग लेकीकडं बघत म्हणाली, “हिला नेता तर न्या. पर ही तोंडाची फटकळ हाय. सांभाळून घ्या. तुमच्या शब्दावर देते.”

मी शब्द दिला.

गोरेगावात भाड्याच्या स्टुडिओत फ्लॅट उभा केला होता. पुठ्ठ्याच्या भिंती, खरा टीव्ही, खरा फ्रीज. पंचफुलाला पांढऱ्या केसांचा टोप आणि काठाचं लुगडं. पहिल्या दिवशी तिनं पुराचा प्रसंग केला. रेशनकार्डाचा माणूस वय विचारतो, आत्या पुराचं उत्तर देते. सेटवरचे दिवेवालेसुद्धा हसले. कोरगावकर म्हणाले, “छान. पण मॅडम, जरा गोंधळून म्हणा. तिला वय माहीत नाहीये ना.”

“तिला माहीत हाय,” पंचफुला म्हणाली. “ती त्याची फिरकी घ्यायलीय.”

“प्रेक्षकाला एवढं कळत नाही हो. गोंधळून म्हणा. अजून थोडं गावाकडचं येऊ द्या.”

ती माझ्याकडं बघायला लागली. मी संवादाच्या कागदाकडं बघायला लागलो.

हशा नंतर भरायचे. कोरगावकरांकडं हशाची फीत होती. मोठा हशा, बारका हशा, टाळ्यांसकट हशा. भाग जोडताना आम्हीही बसायचो. तिसऱ्या भागाला पंचफुला मागच्या खुर्चीवरून म्हणाली, “बन्सीभाऊ, एक इचारू? आत्या हसवती तिथं हशा न्हाई. आत्या चुकती तिथं हशा. असं कामून?”

“ते तांत्रिक असतं,” मी म्हणालो.

“हसायचं ते जर आधीच ठरलं असंल तर मंग आपन हितं काय करायलाव?”

कोरगावकरांनी मान न वळवता म्हटलं, “बन्सीधर, तुमच्या आत्याला सांगा, चहा आलाय.” सगळे हसले. मीही. तो बारका हशा होता.

असे सहा भाग गेले. साबणवाल्याचा निरोप यायचा की मजा कमी पडतेय, आत्या पुरेशी येडी वाटत नाही. दर आठवड्याला कोरगावकर माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. “तुम्ही मूळचे कलावंत. तिला ताब्यात घ्या.” मला तेरा भाग हवे होते. गावी माझे वडील संध्याकाळी खुर्ची टाकून अंगणात टीव्ही लावत होते, अख्खं गाव बघायला येत होतं. सातव्या भागाला असं काही द्यायचं की साबणवाला गप्प झाला पाहिजे, म्हणून मी जागेवर बसून प्रसंग लिहिला. आत्या फ्लॅटमधल्या टीव्हीला देव समजते, त्याला हळदकुंकू वाहते, पुढं निरांजन लावते आणि ओवी म्हणते. ओवी नवी सुचेना. मग जुनी घेतली. एक शब्द बदलला.

माह्या टीव्हीच्या नावानं वात उजेडाची लावावी

कोरगावकरांनी वाचलं आणि टेबलावर थाप मारली. “हे. हे पाहिजे होतं मला.”

लिहिताना हात थांबला नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल. थांबला होता. पण मी स्वतःला पातीतली रीत सांगितली: ओवी एकच, ज्यानं म्हणावी त्यानं नाव घालावं. रीत खरी होती. म्हणून तर ती मला इतकी सोयीची पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला टोप घालून, लुगडं नेसून, कागद हातात घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. निम्मं तोंड रंगवलेलं होतं.

“ही ओवी कुठली?”

“ओवी काय कुणाच्या मालकीची असते का पंचफुला? तुझी आईच म्हणाली ना. पातीतलं गाणं, ज्याला आलं त्यानं नाव घालावं.”

“घालावं म्हनाली. काढावं म्हनाली हुती का?”

मी घड्याळ बघितलं.

“बन्सीभाऊ,” तिनं आवाज खाली केला, “बाकी समदं करते मी. टीव्हीला हळदकुंकू वाहते, तुमी म्हनाल तसं येड्यावानी करते. सहा भाग केलंच की. ही येक ओळ बदला. दुसरं कायबी घाला. ही ओवी मायनं माह्यावर बांधलेली हाय. ती टीव्हीपुढं बसून बगनार हाय.”

एक ओळ. मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण दिवे लागले होते, कॅमेऱ्यावरची माणसं थांबली होती आणि कोरगावकर दोन्ही हात कमरेवर ठेवून आमच्याकडं बघत होते. ‘तिला ताब्यात घ्या’ असं ते पुन्हा म्हणतील, सगळ्यांसमोर म्हणतील, याची मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मी नेहमी जे करतो तेच केलं. कानामागं पेन खोचलं, आवाज नाकात घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, “मास्तरीणबाई, मोर्चा काढायचा तर बाहेर मैदान मोकळं हाय. हितं आधी नाव सांगा, वय सांगा, मंग घोषणा द्या.”

सेट हसून लोटपोट झाला. फीत लावायची गरज पडली नाही, इतका खरा हशा. चतुराबाईचा तलाठी मी तिच्या लेकीवर सोडला होता.

पंचफुला हसणाऱ्या माणसांकडं एकेक करून बघत राहिली. मग टोप काढला, खुर्चीवर ठेवला. आत जाऊन लुगडं सोडलं, घडी केली, ती घडी त्या टोपाशेजारी ठेवली. तोंडावरचा निम्मा रंग पुसायचा मात्र राहिला होता; तशीच ती रस्त्यावर गेली.

सातवा भाग झाला नाही. दुसरी बाई बघू म्हणाले. आठ दिवसांनी साबणवाल्यानं हात काढून घेतला. परभणीच्या एका पेपरवाल्यानं मला विचारलं, मालिका का बंद पडली? मी म्हणालो, “नव्या मुलींच्या डोक्यात दोन भागांत हवा जाते.” मी नाव घेतलं नव्हतं. पेपरनं घेतलं. ‘नटीच्या हट्टापायी परभणीच्या सुपुत्राची मालिका बंद’. मी त्यांना दुरुस्ती पाठवली नाही.

दोन महिन्यांनी परभणीत माझा सत्कार ठेवला. भरदुपारी, एका मंगल कार्यालयात. अध्यक्ष भगवानराव, व्यापारी माणूस, आवाजाला भोंगा लागत नाही. शाल, नारळ, भाषण. “मुंबईवाल्यांनी आपल्या मराठवाड्याची भाषा सहन केली नाही,” ते म्हणाले, टाळ्या. “आणि आपल्यातल्याच एका मास्तरणीनं घात केला. ह्या लोकांना आज विद्यापीठाचं नाव पाहिजे, उद्या मालिकेचं पाहिजे.” टाळ्यांसकट हशा. मी शालीत बसून होतो. समोर दोनशे माणसं, माईक एका हातावर. भगवानराव म्हणाले, आता बन्सीधरराव आत्या करून दाखवतील. मी उठलो आणि आत्या करून दाखवली. पुराचं उत्तर गोंधळून दिलं. तसंच सवयीचं झालं होतं.

माणसं पांगली तेव्हा शेवटच्या रांगेत चतुराबाई बसलेली दिसली.

ती उठून पुढं आली. धुतलेलं पातळ, हातात फडक्याची गाठोडी. माझ्या आजूबाजूचे दोघेतिघे बाजूला झाले. पाया पडायला ती वाकते की काय असं वाटून मी मागं सरलो. ती वाकली नाही. गाठोडी माझ्या हातात दिली. “तिळाच्या पोळ्या हायत. तुमाला आवडायच्या.”

“कधी आलात?”

“भाषनाच्या आधी. तुमाला येकट्याला गाठायचं हुतं. पालमची गाडी कवा हाय?”

मी तिला ऑटोत घालून स्टँडवर आणलं. गंगाखेड-पालम गाडी चारला होती. फलाटाच्या बाकावर ती बसली, मी उभा राहिलो. शाल अजून खांद्यावर होती, ती मी काढून हातात घेतली.

“बन्सीधरराव,” ती म्हणाली, “माह्या लेकीच्या वतीनं मी माफी मागायला आले.”

बाजूला कुणीतरी शेंगा फोडत होतं. त्याचा आवाज मला फार मोठा वाटला.

“म्या तुमच्या शब्दावर तिला धाडलं. तिनं माहा शब्द ठिवला न्हाई. पेपर आला, भावानं वाचून दाखिवला. म्या तिला इचारलं, कामून सोडलंस? काय बोलंना. म्हनली, जमलं न्हाई. येवढंच. लय इचारलं, मारलंबी. सव्वीस वर्साच्या पोरीला. गप. तवापासून म्या तिच्यासंगं बोलत न्हाई. येका घरात दोन चुली झाल्यात. ती तिची भाकर करती, मी माही.”

“तिनं काहीच सांगितलं नाही?”

“काय सांगंल? चूक असंल तर मानूस काय सांगंल?” चतुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “म्या जेलात गेले तर ती म्हनायची, माय, तू भ्यालीस न्हाई. आन सोता येवढ्या कामाला भ्याली. तुमचं समदं बुडिवलं. आज त्या भगवानरावानं आमाला नावं ठिवली, म्या ऐकून घेतली. म्हनलं, आपलंच नानं खोटं.”

ती दोनशे माणसांत, शेवटच्या रांगेत, माझ्यासाठी ते ऐकून बसली होती. आणि वर मी आत्या केली होती, तिच्यासमोर, तिच्याच आवाजात.

पंचफुला का गप्प राहिली हे मला तिथं, उभ्याउभ्या कळलं. आईला सांगायचं तर ती ओळ आईपुढं म्हणावी लागली असती. ती तिच्या तोंडून निघाली नसती. आईचा मार तिला त्यापेक्षा हलका वाटला.

गाडी लागली. वाहकानं दाराशी उभं राहून “गंगाखेड, पालम” अशी हाक दिली. माणसं उठली. चतुराबाईही उठली. पोळ्या गरम करून खा म्हणाली. आणि मला वाटलं, जाऊ द्यावी. खरंच वाटलं. गाडी गेली की सगळं माझ्या मनासारखं राहणार होतं: माझी शाल, माझा सुपुत्रपणा, मुंबईवाल्यांनी केलेला अन्याय. एक बाई गाडीत चढायची बाकी होती फक्त. तिनं पायरीवर पाय ठेवला.

“चतुराबाई, उतरा,” मी म्हणालो. “पुढची गाडी साडेपाचला हाय.”

“का वो?”

“उतरा. बसा हितं.”

ती उतरली. बाकावर बसली. मी तिच्यासमोर फलाटाच्या फरशीवर बसलो, आणि ह्या वेळी तिनं मला वर बस म्हटलं नाही. माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. गाडी निघून गेली, धूर आमच्यावरून गेला, तोवर मी शब्द जुळवत राहिलो. नकलाकाराला स्वतःच्या आवाजात बोलायची सवय नसते. पहिलं वाक्य तलाठ्यासारखं नाकात निघालं, पुन्हा काढावं लागलं.

“पंचफुलानं मालिका आपणहून सोडली न्हाई,” मी म्हणालो. “तुमी तिच्यावर बांधलेली शाळेची ओवी मी लिहून घेतली. तिच्यातून बाबासाहेबांचं नाव काढलं आन तिथं टीव्ही घातला. लोकांनी हसावं म्हणून. तिनं हात जोडल्यावानी सांगितलं, ही येक ओळ बदला, बाकी समदं करते. मी बदलली न्हाई. पन्नास माणसांपुढं तुमचाच तलाठी करून मी तिला हसण्यावारी नेलं, म्हणून ती गेली. पेपरात मी खोटं बोललो. आज स्टेजवर गप बसलो. तुमच्यापर्यंत ती ओळ पोचू नये म्हणून पोरगी दोन महिने तुमचा मार खाऊन गप हाय, चतुराबाई. मी मात्र मला कुणी नावं ठिवू नये म्हणून गप हुतो.”